घरातील आणि कचेरीतील बिनतारी जाळे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. ज्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आम्ही आहोत, त्याच्या अभ्यासिकेत एका संध्याकाळी पंचवीस-तीस मुले जमली होती. त्यांतील निम्म्यांचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. अर्ज इंटरनेटवर भरावयाचा, त्यास उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेच्या पासबुकाचे पान यांची चित्रे जोडावयाची, आणि हे सारे रात्री बाराच्या आत. घरी सोय नाही म्हणून तर ही मुले अभ्यासिकेत येतात. आणि नेमके त्या दिवशी वायफाय चालेना. बंद पडले होते म्हणावे तर तसेही नव्हते. प्रत्येकाच्या फोनवर ती कमानींची खूण पुरी भरलेली दिसत होती. परंतु दाखला पाठवू लागावे, तो पाऊण वाटेवर जाऊन थांबावा, आणि थोड्या वेळाने ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा शेरा यावा, असे तासभर चालले. शेवटी बहुतेक मुले चौकात गेली आणि कोणाकोणाच्या फोनवरून अर्ज भरून आली. एका मुलीचा अर्ज मात्र राहिला तो राहिलाच. तिच्या त्या वर्षाच्या शुल्काची तजवीज सभासदांनी मिळून केली, ही गोष्ट निराळी. पण ज्या सोयीची पाटी आम्ही दारावर लावली होती ती आयत्या वेळी तिच्या उपयोगी पडली नाही, याची चुटपुट आम्हांस अजून आहे. आजच्या विषयाकडे आम्ही वळलो ते त्या चुटपुटीपायी.

मंडळाने यावर काय केले? जे सर्वजण करतात तेच. प्रथम इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस दोष दिला आणि अधिक वेगाची, अधिक भाड्याची योजना घेतली. फरक पडला नाही. मग सहा शिंगांचे एक मोठे राउटर विकत आणले. तरीही फरक पडला नाही. अखेर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या एका स्नेह्यांना आम्ही बोलावले. ते सहा शिंगांच्या त्या यंत्राकडे पाहून म्हणाले, “अहो, हे आणण्यापूर्वी तरी मला विचारायचं होतं.” नंतरचे दोन दिवस त्यांनी आम्हांस वाचनालयाच्या इमारतीतून हिंडवले आणि जे शिकवले, त्यात आम्ही पुढे वाचून घातलेली भर मिळवून ते येथे मांडत आहोत.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : दुखणे बाहेरच्या तारेत आहे की आतल्या हवेत? आपण बोलताना ‘नेट’ आणि ‘वायफाय’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावरून काचेच्या तंतूची जी तार घरात येते ती इंटरनेटची वाट. त्या तारेच्या टोकाला असलेल्या डबीपासून आपल्या हातातील फोनपर्यंत जो शेवटचा दहा-वीस पावलांचा टप्पा, तेवढेच वायफाय. म्हणजे गावापर्यंत डांबरी सडक आणि तेथून घरापर्यंत पायवाट, असा हा प्रकार आहे. तेव्हा गाडी अडली तर ती सडकेवर अडली की पायवाटेवर, हे आधी पाहावे. ते पाहण्याचा उपाय अगदी साधा आहे. एक संगणक तारेने थेट राउटरला जोडावा आणि वेग मोजावा. मग तोच संगणक तार काढून नेहमीच्या जागी बसून मोजावा. आमच्या येथे तारेने सेकंदाला सुमारे शंभर मेगाबिट मिळाले, आणि अभ्यासिकेत हवेतून तीन. म्हणजे वाढीव भाडे आम्ही सडक रुंद करण्यासाठी देत होतो, आणि चिखल होता तो पायवाटेवर.

आता ही हवेतली पायवाट म्हणजे काय ते पाहू. आपल्या ओळखीच्या रेडिओत ज्या विद्युच्चुंबकीय लहरी येतात, त्याच जातीच्या या लहरी. फरक फक्त लांबीचा. आकाशवाणीचे पुणे केंद्र ज्या ७९२ किलोहर्ट्झवर आपण ऐकत आलो, त्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. एवढी लांब लहर घराला, भिंतीला, झाडाला फारशी दाद देत नाही. वायफायची जुनी लहर २४०० मेगाहर्ट्झच्या आसपासची. तिची लांबी साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत. नवी लहर ५००० मेगाहर्ट्झच्या वरची. ती त्याच्याही निम्मी, जेमतेम तीन बोटे. अशा आखूड लहरी आपल्या देशाला अगदीच परक्या नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यास काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले होते, आणि १८९७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते दाखवलेही होते. आखूड लहर पुष्कळ मजकूर वाहून नेते, परंतु ती नाजूक असते. भिंतीने ती दुबळी होते, पाण्याने शोषली जाते, आणि लोखंडाचा पत्रा आडवा आला तर आरशावरून प्रकाश परतावा तशी मागे फिरते.

आणि तिची शक्ती तरी किती? राउटर सामान्यतः एक दशांश वॅटच्या आसपास शक्तीने लहरी सोडते. घरातील रात्रीचा लहानसा दिवा याहून अधिक वीज खातो. फोनपर्यंत पोहोचेपर्यंत त्यातला वॅटचा अब्जावा भाग उरला तरी काम उत्तम चालते. या लहरींनी प्रकृतीस अपाय होतो काय, हा प्रश्न अशा व्याख्यानानंतर हटकून येतो, म्हणून आताच सांगून टाकतो. क्ष-किरणांप्रमाणे अणूची मोडतोड करण्याचे सामर्थ्य या लहरींत नाही. त्या फार तर ऊब देतात, आणि एवढ्या अल्प शक्तीची ऊब मोजण्याजोगीही नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ साली सर्वच रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या सावध वर्गात घातले आहे, हेही खरे. पण त्यामागे चर्चा होती ती मुख्यतः तासन् तास कानाला लावलेल्या मोबाइल फोनची. घराच्या कोपऱ्यातील राउटरसाठी झोप घालवण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आमच्यापैकी वडीलधाऱ्यांस रेडिओचा परवाना आठवत असेल. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरावयाचे आणि त्या पुस्तिकेवर तिकिटे चिकटवून घ्यावयाची. १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा होता. मग आज दर घरात लहरी सोडणारे यंत्र आहे आणि कोणी परवाना विचारीत नाही, हे कसे? तर १९८५ साली अमेरिकेने लहरींचे काही पट्टे, भट्ट्या व यंत्रे यांच्या गोंगाटामुळे टाकाऊ समजले गेलेले, सर्वांना खुले केले. आपल्याकडे २००५ साली केंद्र सरकारने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मुक्त केला, आणि २०१८ साली ५००० च्या वरचे बरेच रुंद पट्टे त्यात घातले. मोबाइल कंपन्या आपापले पट्टे लिलावात हजारो कोटींना घेतात. तो त्यांचा सातबारा. वायफायचा पट्टा म्हणजे गावचे गायरान. तेथे कोणाचीही गुरे चरावीत, सारा नाही. पण शेजाऱ्याच्या म्हशीने तुमच्या गाईचा चारा खाल्ला तर तक्रार ऐकायला कोणी पाटीलही नाही. कायद्यातच तसे आहे : शक्तीची मर्यादा पाळा, दुसऱ्यास उपद्रव देऊ नका, आणि दुसऱ्याच्या उपद्रवापासून संरक्षण मागू नका. स्वयंपाकघरात दूध तापवण्याची जी मायक्रोवेव्ह भट्टी असते, तीही याच गायरानातली, सुमारे २४५० मेगाहर्ट्झची. तिच्या दारातून झिरपणारा अंश आपल्याला कळत नाही, पण शेजारच्या खोलीत जुन्या पट्ट्यावर चाललेले संभाषण तो मोडू शकतो. घरी चहा गरम करायला ठेवला की मुलाचा वर्ग अडखळतो, अशी तक्रार कोणी केली तर त्यास हसू नये.

या गायरानात कारभार चालतो तरी कसा? हेच वायफायचे खरे मर्म आहे. अध्यक्ष नसलेली सभा डोळ्यांपुढे आणा. एका वेळी एकानेच बोलावे, दोघे एकदम बोलले तर कोणाचेच ऐकू येत नाही. घंटा वाजवणारे कोणी नाही. अशा सभेत सुज्ञ माणसे काय करतील? बोलण्यापूर्वी कानोसा घेतील. कोणी बोलत असेल तर थांबतील. तो थांबल्यावरही लगेच तोंड न उघडता क्षणभर वाट पाहतील, आणि प्रत्येकाचा हा क्षण वेगवेगळा असेल, म्हणजे दोघे एकदम उठणार नाहीत. ही युक्ती हवाई बेटांवरच्या विद्यापीठात जन्मास आली. तेथे नॉर्मन अॅब्रम्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७१ साली निरनिराळ्या बेटांवरील यंत्रे एकाच मोठ्या संगणकाशी रेडिओने जोडली. दोन निरोपांची टक्कर झाली तर दोघांनी मनास येईल तितका वेळ थांबून पुन्हा पाठवावे, एवढाच त्यांचा नियम होता. बोलण्याआधी ऐकून घेण्याची शिस्त त्यात नंतर मिळाली. १९९७ साली पहिला वायफाय-नियम ठरला तो याच पायावर, आणि तेव्हाचा वेग होता सेकंदाला दोन मेगाबिट. ‘वायफाय’ हे नावही १९९९ मध्ये व्यापारासाठी पाडलेले आहे. त्याचा काही खोल अर्थ शोधू नये.

या सभेचे दोन परिणाम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एक असा की, वेग सर्वांत वाटला जातो. खोलीत तीस जण असतील तर तीस जणांत, आणि त्याच पट्ट्यावर शेजारच्या दुकानाचे वायफाय असेल तर त्यांतही. कारण हवेला भिंत नाही. दुसरा परिणाम अधिक गमतीचा आहे. वेळ वाटला जातो तो बोलण्याच्या पाळ्यांनी. सभेत एखादा मंद वक्ता उठला, की त्याची पाळी संपेपर्यंत चपळ वक्त्यांनाही थांबावे लागते. लांबून किंवा दोन भिंतींपलीकडून बोलणारे यंत्र शब्द नीट पोहोचावेत म्हणून फार सावकाश बोलते. जवळच्याला जे सांगायला एक क्षण लागतो, त्याला पन्नास क्षण लागू शकतात. आमच्या वाचनालयाच्या फाटकावर असा एक मंद वक्ता निघाला. तो म्हणजे पाच-सहा वर्षांपूर्वी बसवलेला बिनतारी कॅमेरा. दोन जाड भिंतींपलीकडून तो रात्रंदिवस चित्रे पाठवीत असे, आणि त्याच्या त्या रेंगाळत्या भाषणाखाली साऱ्या सभेचा वेळ जात असे. चोरांवर नजर ठेवण्यासाठी आम्ही तो बसवला होता. हवेची चोरी तोच करीत होता, हे आमच्या स्वप्नातही आले नाही. त्यास तार जोडून दिली आणि निम्मे दुखणे गेले.

मंद वक्त्याखेरीज सभेला आणखी एक अडचण असते, ती प्रतिध्वनीची. घुमणाऱ्या दिवाणखान्यात भरभर बोलले तर मागचा शब्द पुढच्यावर आदळतो. खोलीतील भिंती, कपाटे, आरसे यांवरून लहरी परतून तसाच घोळ करीत. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञानसंस्थेत जॉन ओसलिव्हन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० च्या सुमारास या प्रश्नाला हात घातला. ओसलिव्हन मूळचे आकाशसंशोधनातले. फुटणाऱ्या कृष्णविवरांच्या क्षीण रेडिओखुणा शोधताना जे गणित हाती आले, ते त्यांना येथे उपयोगी पडले. (कृष्णविवर काही सापडले नाही.) तोडगा असा की, एका वक्त्याने भरभर बोलण्याऐवजी मजकूर वाटून घेऊन पुष्कळांनी निरनिराळ्या सुरांत, एकाच वेळी, सावकाश बोलावे. प्रतिध्वनी विरून जाण्यास वेळ मिळतो आणि एकूण मजकूर मात्र अधिक जातो. १९९९ च्या नियमात असे ५२ सूर होते, आणि त्यामुळे वेग ५४ मेगाबिटवर पोहोचला. आजच्या यंत्रांत तत्त्व तेच आहे, सूर मात्र कितीतरी अधिक.

आता पट्ट्याची निवड. जुन्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा ‘चॅनेल’ आहेत असे सांगतात, पण ते फसवे आहे. बाजाराच्या कट्ट्यावर दर पाच फुटांवर आकडे घातले आहेत आणि प्रत्येक दुकान बावीस फुटांचे आहे, अशी कल्पना करा. मग एकमेकांवर न चढता दुकाने मांडावयाची तर तीनच बसतील : १, ६ आणि ११ या आकड्यांवर. कोणी शहाण्याने मध्येच ४ वर दुकान थाटले, तर तो १ आणि ६ या दोघांनाही त्रास देतो आणि स्वतःही घेतो. एकाच आकड्यावर दोघे असले तर निदान एकमेकांचे ऐकून पाळीने तरी बोलतात. अर्धवट चढलेल्यांना एकमेकांची भाषा कळत नाही, नुसता गलबला ऐकू येतो. आमचे यंत्र ४ वर होते. कोणी ठेवले, का ठेवले, याचा तपास लागला नाही.

त्यापेक्षा बरे म्हणजे होता होईल तो ५००० चा पट्टा वापरावा. तेथे जागा ऐसपैस आहे, आणि ती लहर भिंतीपलीकडे फारशी जात नसल्यामुळे शेजाऱ्यांची गर्दीही कमी. भिंत न ओलांडणे हा तिचा दोष सर्वांना माहीत असतो. तोच दाटीवाटीच्या सदनिकांत तिचा गुण ठरतो, हे कोणी सांगत नाही. पुष्कळ घरांत यंत्र दोन्ही पट्ट्यांचे असते, पण फोनमध्ये जुन्याच पट्ट्याचे नाव नोंदलेले असते आणि तो बिचारा सवयीने तिकडेच जातो. आमच्या सहा शिंगी यंत्राचे असेच झाले होते.

शिंगांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. यंत्राला मोठा आवाज दिला म्हणून संभाषण सुधारत नाही. टेकडीवरून कोणी कर्ण्यातून बोलला तर पायथ्याच्या माणसाला ऐकू येईल. पण त्याचे उत्तर वर पोहोचेल काय? फोन लहान, त्याची विजेरी लहान, आवाजही बेताचा. दाखला पाठवायचा असतो तो फोनला, आणि तेथेच गाडी अडते. कमानींची खूण आपल्याला फक्त यंत्राचा आवाज किती ऐकू येतो एवढेच सांगते.

आता आमच्या वाचनालयातील कोडे उलगडेल. राउटर खालच्या मजल्यावर कचेरीत होते, आणि तेही जुन्या नोंदवह्यांच्या लोखंडी कपाटामागे. कारण तार तेथून आत आली होती आणि डबी दिसायला बरी दिसत नाही, असे आमच्याच एका सभासदाचे मत पडले होते. अभ्यासिका वरच्या मजल्यावर. तेथे रेंज येईना म्हणून कोणीतरी बाजारातून एक ‘रिपीटर’ आणून भिंतीत खोचला. रिपीटर म्हणजे दुभाष्यासारखा : खालचे ऐकावयाचे आणि तेच वर पुन्हा बोलावयाचे. पण तो बोलतो त्याच सभेत, त्याच हवेत. म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा उच्चारले जाते आणि वेळ निम्मा होतो. शिवाय लोखंडी कपाटाआडून त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हते. मुलांच्या फोनवर चारी कमानी भरलेल्या दिसत होत्या त्या या दुभाष्याच्या, कारण तो त्यांच्या डोक्यावर होता.

उपाय काय केला म्हणाल तर जिन्याच्या कडेने वीस मीटर तार वर नेली, तिच्या टोकाला अभ्यासिकेच्या छताखाली मध्यभागी एक साधे यंत्र बसवले, आणि दुभाष्याला रजा दिली. ही तार शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. सहा शिंगांच्या यंत्राला जी रक्कम मोजली होती, तिच्या निम्म्यातही हे काम झाले. बिनतारी जाळे चांगले हवे असेल तर घरात तार जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी. हवेवर सोडावीत ती शेवटची काही पावलेच. नवे घर बांधणाऱ्यांनी तर विजेच्या नळ्या भिंतीत घालतानाच प्रत्येक मजल्यावर छतापर्यंत एक रिकामी नळी ठेवून द्यावी. तिचा खर्च त्या वेळी नगण्य असतो, आणि मागाहून भिंत फोडण्याचे दुःख ज्यांनी भोगले आहे त्यांना आम्ही काय सांगणार!

जागा निवडण्यासाठी घराचा कागदावर एक ढोबळ नकाशा काढावा. राउटरपासून नेहमी बसता त्या खुर्चीपर्यंत सरळ रेघ ओढावी आणि वाटेत काय काय येते ते मोजावे. रेघ भिंतीला तिरपी छेदत असेल तर लहरीला भिंतीची जाडी पुष्कळ अधिक लागते, नऊ इंचांची भिंत दीड-दोन फुटांची होते. राउटर दोन हात सरकवले तर कधीकधी तेवढ्यानेच काम होते. जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या भिंती, सिमेंटातील सळयांचे जाळे, न्हाणीघरातील भरलेली टाकी, आरसा, फ्रिज, माशांची काचपेटी हे सर्व या लहरींचे वैरी. राउटर जमिनीवर ठेवू नये, कपाटात तर मुळीच नाही. आणि माणसे हीदेखील लहरीच्या दृष्टीने पाण्याने भरलेले रांजणच होत. रिकाम्या सभागृहात चाचणी घेऊन ‘सर्वत्र उत्तम’ असा दाखला देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सभागृह भरले की निम्म्या खुर्च्यांवरचे वायफाय पडते. म्हणूनच यंत्र छताला टांगतात, म्हणजे डोक्यांवरून वाट मोकळी राहते.

इथवर वेगाचे झाले. कुलपाचे प्रकरण याहून गंभीर आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद येथे बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे धमकीचे एक पत्र इंटरनेटवरून आले. पोलिसांनी माग काढला तो नव्या मुंबईतील एका सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथील गृहस्थाचा कटाशी काहीएक संबंध नव्हता. त्याचे बिनतारी जाळे दुसऱ्याच कोणी वापरले होते. तरी चौकशीचा सारा फेरा त्यास भोगावा लागला. पुढच्या काही आठवड्यांत मुंबईतील इतरांची जाळीही अशीच वापरली गेली, आणि २००९ साली केंद्राच्या दूरसंचार खात्याने बिनतारी जाळी कुलुपबंद ठेवण्याविषयी सूचना काढल्या. बाहेरच्या जगाला तुमच्या घरातील सर्व फोन एकाच दारातून बाहेर पडताना दिसतात. त्या दारातून बाहेर जाऊन कोणी काही केले तर प्रथम ठोठावले जाते ते तुमचेच दार. शेजाऱ्याच्या पाहुण्याला ‘घ्या हो, आमचा पासवर्ड’ म्हणताना आपण काय देतो, ते यावरून दिसेल.

कुलपांच्या पिढ्या आहेत. पहिले, डब्ल्यूईपी नावाचे, १९९७ चे. ते २००१ पर्यंत तज्ज्ञांनी फोडून दाखवले. २००४ चे डब्ल्यूपीए-२ आज बहुतेक घरांत आहे आणि पासवर्ड चांगला असेल तर ते पुरेसे आहे. २०१८ चे डब्ल्यूपीए-३ त्याहून बरे. फरक हा की, डब्ल्यूपीए-२ मध्ये चोराने रस्त्यावर उभे राहून तुमचा फोन जोडला जातानाचे चार शब्द टिपून नेले, तर घरी बसून निवांतपणे तो किल्ल्या लावून पाहू शकतो. नव्या कुलपात प्रत्येक किल्लीसाठी त्याला तुमच्या दाराशी यावे लागते. आता पासवर्ड म्हणून आपण काय ठेवतो? बहुधा मोबाइलचा नंबर. दहा आकडी नंबरांच्या शक्यता फार तर चारशे कोटी. माणसाला हा आकडा अवाढव्य वाटतो. चित्रे रंगवणाऱ्या वेगवान संगणकाला ते काही तासांचे काम आहे. आडनाव आणि जन्मसाल याला तर तेवढाही वेळ लागत नाही. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत : आजीच्या स्वयंपाकघरातला एखादा, शेतातला एखादा, प्रवासातला एखादा. घरच्यांना पाठ होतात आणि परक्याला सुचत नाहीत. राउटरच्या आतल्या कारभाराचा जो दुसरा पासवर्ड असतो, तो कारखान्यातून आला तसाच बहुतेक घरांत असतो. तोही त्याच दिवशी बदलून टाकावा.

कचेरीची गोष्ट थोडी निराळी. घरात सर्वांना एक किल्ली चालते, कारण घरची माणसे नोकरी सोडून जात नाहीत. दहा माणसांच्या कचेरीतून दरवर्षी दोन जातात आणि किल्ली घेऊनच जातात. तेव्हा मोठ्या कचेऱ्यांनी प्रत्येकास स्वतंत्र नाव व पासवर्ड देण्याची पद्धत ठेवावी, ती यंत्रांत असतेच. लहानांनी निदान माणूस गेला की किल्ली बदलावी. येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी, पक्षकारांसाठी, रोग्यांच्या नातेवाइकांसाठी ‘पाहुण्यांचे जाळे’ वेगळे काढावे, म्हणजे त्यांना इंटरनेट मिळते पण हिशेबाचा संगणक आणि छापयंत्र दिसत नाही. ओसरीवर बसलेल्याला माजघर दिसू नये, एवढीच ही व्यवस्था आहे. आमच्या परिचयाच्या एका वकिलांच्या कचेरीत एकदा एका पक्षकाराच्या फोनवरून चुकून त्याच्या भाचीच्या मुंजीच्या, नव्हे पुतण्याच्या मुंजीच्या, चाळीस पत्रिका छापून निघाल्या. वकीलसाहेब हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळी वेगळी केली.

राहिली वीज. दिवे गेले की फोन चालू राहतो आणि वायफाय मात्र जाते, कारण तंतूच्या टोकाची डबी आणि राउटर ही दोन्ही यंत्रे विजेवर असतात. दोन्ही मिळून एखाद्या लहान दिव्याइतकीच वीज खातात. त्यांच्यासाठी बारा व्होल्टची एक लहान बॅटरीपेटी मिळते, ती दोन-तीन तास सहज काढते. फक्त दोन्ही यंत्रे तिला जोडावीत. आम्ही प्रथम एकच जोडले होते आणि अंधारात चालू राउटरकडे पाहत बसलो होतो.

यंदा अभ्यासिकेत अर्जांचा शेवटचा दिवस बरा गेला. गेल्या वर्षी जिचा अर्ज राहिला होता ती मुलगी मात्र मुदतीच्या दहा दिवस आधीच येऊन अर्ज भरून गेली. शेवटच्या दिवसापर्यंत आमच्या वायफायवर विसंबून राहण्याची तिची तयारी नव्हती, आणि तिचे चुकले असे आम्हांस म्हणवत नाही.